हॉटेल बुक करताना शहरातला कोणता भाग टाळायचा, ते कसं ठरवायचं

अनोळखी शहरात पहिल्यांदा जायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "तिथला वाईट भाग कोणता?" उत्तरंही तयार मिळतात. दोन-चार वस्त्यांची नावं आणि वर "तिकडे फिरकूसुद्धा नका" असा दम. ही यादी समोर ठेवून हॉटेल शोधायला बसलं की चांगली, स्वस्त, सोयीची हॉटेलं उगाच हातची जातात. उलट 'चांगल्या' भागाच्या नावाखाली असं एखादं हॉटेल गळ्यात पडतं की रात्री दहानंतर पाणी आणायलाही बाहेर पडावंसं वाटत नाही. पाहुणा म्हणून आपला संबंध अख्ख्या वस्तीशी येतच नाही. तो येतो एका इमारतीशी आणि तिथे परतायच्या एका रस्त्याशी. तपासायचा असतो तो रस्ता, आपण ज्या वेळी त्यावरून चालणार त्या वेळेला.

याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस शहरात पोलिसांना येणाऱ्या फोनची छाननी गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती. १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. निम्मे फोन शहरातल्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून आलेले होते. पुढे सिएटलमध्ये डेव्हिड वाइसबर्ड यांनी एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचे रस्त्याचे तुकडे पाडून हिशेब केला, तर चार-पाच टक्के तुकड्यांवर निम्मे गुन्हे घडलेले दिसले. म्हणजे बदनाम भागातल्याही बहुतेक गल्ल्या शांत असतात आणि नावाजलेल्या भागातला एखादाच कोपरा सगळी डोकेदुखी करून ठेवतो.

१. आधी स्वतःचं वेळापत्रक मांडा

शहरात किती वाजता उतरणार, रोज रात्री साधारण किती वाजता खोलीवर परतणार आणि शेवटच्या दिवशी कधी निघणार, एवढं लिहून काढा. शेजारी लिहा: सोबत कोण आणि सामान किती. हे पोरकट वाटेल, पण पुढचं सगळं यावर ठरतं. पहाटे पाचला विमान पकडणाऱ्याला जो भाग अडचणीचा, तो संध्याकाळी सातच्या आत परतणाऱ्या कुटुंबाला अगदी ठीक असतो. एकटी फिरणारी बाई, गुडघे दुखणारे आई-वडील, बाबागाडीतलं मूल, रात्री उशिरापर्यंत हिंडणारी मित्रमंडळी, प्रत्येकाची 'टाळा' यादी वेगळी निघते. दुसऱ्याची उसनी घेऊन भागत नाही.

२. नेमकं काय टाळायचंय?

'वाईट भाग' म्हणताना लोक धोका, त्रास आणि आडबाजू या तीन गोष्टी एकाच पिशवीत कोंबतात. त्या आधी वेगळ्या करा.

धोका म्हणजे रस्त्यावरची लुटमार, मारहाण, उघड्यावर चालणारा अमली पदार्थांचा धंदा. पाकीटमारी यात धरू नका. खिसेकापू गर्दीच्या मागे असतात आणि गर्दी प्रेक्षणीय स्थळांच्या मागे. बार्सिलोनाची ला रॅम्बला पाकीटमारांसाठी कुप्रसिद्ध आहे, पण तिथे फिरायला तर तुम्ही जाणारच. हॉटेल चार किलोमीटर लांब घेतल्याने पाकीट वाचत नाही.

त्रास म्हणजे मुख्यतः आवाज. माझं मत विचाराल तर भाग निवडताना नवखे प्रवासी गुन्ह्यांची नको तितकी आणि आवाजाची फारच कमी चिंता करतात. लुटलं जाणं क्वचित घडतं, झोपेचं खोबरं मात्र रोज होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची मर्यादा सुचवली ती घराबाहेर सरासरी ४० डेसिबल. बारच्या गल्लीत ती मध्यरात्रीनंतरही पाळली जाण्याची शक्यता नाही. लिस्बनचा बाइरो आल्तो दिवसा निवांत, जुन्या घरांचा, फोटोत देखणा. रात्री तिथले बार भरले की माणसं पेले घेऊन गल्लीतच उभी राहतात आणि आवाज थेट वरच्या खिडक्यांत जातो. तेव्हा नकाशावर हॉटेलच्या आसपास शंभर मीटरमध्ये किती बार आणि क्लब आहेत ते मोजा. शुक्रवार-शनिवार मुक्काम असेल तर जरा जास्तच काटेकोरपणे. आवाजाची आणखी ठिकाणं सहज लक्षात येत नाहीत: ट्राम वळते तो कोपरा, रुग्णवाहिकांची ये-जा असलेलं रुग्णालय, पहाटे तीनला माल उतरणारी मंडई, उड्डाणपुलाच्या उंचीवरची खिडकी, स्टेडियम. स्टेडियमजवळ राहणार असाल तर त्या तारखांना सामना किंवा मैफल आहे का तेही बघा. असली तर दरही चढलेले असतात.

आडबाजूबद्दल पुढे सांगतो.

३. नावावर जाऊ नका, नकाशावरची खूण बघा

हॉटेलच्या नावात 'सेंट्रल', 'सिटी', 'डाउनटाउन' काहीही असू शकतं. नाव ठेवायला नकाशा लागत नाही. "केंद्रापासून दीड किलोमीटर" हे अंतरही बहुधा सरळ रेषेतलं असतं. मध्ये नदी, रेल्वेचे रूळ किंवा महामार्ग आला तर दीडचे तीन होतात, आणि ते तीन कुठल्या तरी बोगद्यातून किंवा पुलाखालून जातात. म्हणून चालण्याचा मार्ग काढून मिनिटं बघा. घर किंवा खोली भाड्याने देणाऱ्या काही साइटवर बुकिंग होईपर्यंत नक्की पत्ता दिसत नाही, नुसतं एक वर्तुळ दिसतं. तिथे मालकाला जवळचा चौक आणि जवळचा स्टॉप विचारावा. सांगायला टाळाटाळ झाली तर पुढची खोली बघावी.

हद्दी किती बारीक असतात बघा. सॅन फ्रान्सिस्कोत युनियन स्क्वेअर म्हणजे मोठमोठी दुकानं आणि पर्यटकांची गर्दी. तिथून काही चौक पश्चिमेला गेलं की टेंडरलॉइन सुरू होतं, जिथे बेघरपणा आणि ड्रग्जचा प्रश्न रस्त्यावरच दिसतो. मधल्या पट्ट्यातली हॉटेलं स्वतःला कुठल्या बाजूची म्हणवतील हे सांगायला नको. व्हँकुव्हरमध्ये पर्यटक गॅसटाउनला वाफेच्या घड्याळाचे फोटो काढायला जातात आणि बेघरपणा आणि ड्रग्जसाठी ओळखला जाणारा डाउनटाउन ईस्टसाइड हा भाग तिथून पायी काही मिनिटांवर आहे. रिओमध्ये कोपाकबाना आणि इपानेमा या जगप्रसिद्ध किनाऱ्यांच्या मधल्या टेकडीवरच फाव्हेला, म्हणजे झोपडपट्टीसारखी गरीब वस्ती, आहे. समुद्रासमोरचं हॉटेल आणि टेकडीच्या पायथ्याचं हॉटेल, दोघांच्या पत्त्यात 'कोपाकबाना'च.

विमानतळाजवळचं हॉटेल घेताना तर नकाशा दोनदा बघा. पॅरिसच्या नावाने तिकिटं विकली जाणारा बोवे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. फ्रँकफर्टचं नाव लावणारा हान विमानतळ सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

४. स्टेशनची कुठली बाजू?

"रेल्वे स्टेशनजवळ राहू नका" हा सल्ला जगभर मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. युरोपातली बरीच मोठी स्टेशनं एकोणिसाव्या शतकात तेव्हाच्या शहराच्या कडेला बांधली गेली. भोवती स्वस्त खोल्या, दारूची दुकानं, गोदामं वाढली आणि ती कळा काही ठिकाणी टिकली. फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनसमोरचा बानहोफ्सफिअर्टेल हा ठळक नमुना. वेश्यावस्ती, व्यसनी लोकांसाठीची सरकारमान्य केंद्रं, झकास उपाहारगृहं आणि साखळी हॉटेलं, सगळं काही चौकांत, आणि पलीकडे लगेच बँकांचे मनोरे. एका रस्त्यावर निश्चिंत झोप आणि शेजारच्या रस्त्यावर पहाटेपर्यंत आरडाओरडा, असं तिथे सहज होतं.

जपानमध्ये मात्र गणित उलटं आहे. टोकियो किंवा क्योतोत नवख्या माणसाने मोठ्या स्टेशनजवळच राहावं, तिथे सगळ्या सोयी हाताशी मिळतात. लंडनचं किंग्ज क्रॉस १९८० च्या दशकात चांगलंच बदनाम होतं. स्टेशनामागच्या जुन्या गोदामांचा कायापालट झाला, २०११ मध्ये सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कला महाविद्यालय तिथे आलं, आणि आता तिथे बसायला-फिरायला लोक मुद्दाम जातात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी राहून आलेल्या काकांचा सल्ला आदराने ऐका, पण साल विचारून घ्या.

स्टेशनला बहुधा दोन बाजू असतात, पुढची आणि मागची. बुकिंगआधी हॉटेल कुठल्या बाजूला आहे आणि रात्री मागचं दार उघडं असतं का, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं.

५. घरबसल्या तो रस्ता चालून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ज्या मेट्रो किंवा बस थांब्यावर तुम्ही रोज उतरणार, तिथे गूगल मॅप्सचा स्ट्रीट व्ह्यू (रस्त्यांची छायाचित्रं) उघडा आणि हॉटेलच्या दारापर्यंत एकेक क्लिक करत जा. आधी कोपऱ्यातला महिना आणि वर्ष बघा. चित्र सहा वर्षांपूर्वीचं असेल तर कॉम्प्युटरवर इतर तारखांची चित्रंही बऱ्याचदा मिळतात. जुनं आणि नवं शेजारी ठेवलं की भाग सुधारतोय की बंद पडतोय ते दिसतं. पाच वर्षांपूर्वीच्या बेकरीच्या जागी आज फळ्या ठोकलेल्या असतील आणि शेजारची दोन दुकानंही गेली असतील, तर नोंद घ्या. एखादंच दुकान बंद असलं तर त्याचं काही नाही.

ही चित्रं दिवसाची असतात, रात्रीचा अंदाज तुम्हाला बांधायचा असतो. त्यासाठी तळमजले बघा. दारं-खिडक्या रस्त्याकडे उघडतात का? वर माणसं राहतात असं दिसतं का, म्हणजे पडदे, कुंड्या, वाळत घातलेले कपडे? की सलग दोनशे मीटर नुसती भिंत, पार्किंग आणि पत्र्याचं कुंपण? दिव्याचे खांब किती अंतरावर आहेत? पदपथ सलग आहे का, की चाकांची बॅग ओढत गाड्यांच्या रस्त्यावर उतरावं लागेल? भुयारी मार्ग आहे का, आणि त्याला वरून पर्याय आहे का?

इथेच नवख्यांची गल्लत होते. उडालेला रंग, वेगळ्या लिपीतल्या पाट्या, बाल्कनीत वाळणारे कपडे, दाटीवाटी, यातलं काहीही धोक्याचं लक्षण नाही. ती साध्या किंवा गरीब वस्तीची लक्षणं आहेत, आणि जिथे रात्री नऊला पोरं खाली खेळतायत आणि किराणा दुकान उघडं आहे तिथून परतताना बहुधा काही होत नाही. उलट काचेच्या चकचकीत कार्यालयांचा भाग रात्री आणि सुट्टीला भकास पडतो. 'सिटी ऑफ लंडन' या आर्थिक केंद्रात रहिवासी दहा हजारांच्याही आत आणि नोकरीला येणारे पाच लाखांहून जास्त, त्यामुळे रविवारी तिथे बऱ्याच रस्त्यांवर शुकशुकाट असतो. धोका फारसा नाही, पण जेवायला दार शोधत फिरावं लागतं. मात्र अशा भागांत शनिवार-रविवारी खोल्या बऱ्याचदा स्वस्त मिळतात. ती स्वस्ताई तुम्हाला चालणार असेल तर खुशाल घ्या.

एक युक्ती बऱ्याच जणांना माहीत नसते. हॉटेलशेजारचं रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं छोटं दुकान, पेट्रोल पंप किंवा औषधांचं दुकान नकाशावर शोधा आणि त्याचे रिव्ह्यू वाचा. तिथे स्थानिक लोक लिहितात आणि त्यांना पर्यटकांची भीड नसते. "रात्री अकरानंतर फक्त खिडकीतून सामान देतात", "दारात कायम टोळकी बसलेली" असे शेरे हॉटेलच्या पानावर सापडणार नाहीत. आसपास रात्री दहानंतर उघडं काहीच नाही, हेही उत्तरच आहे.

६. रिव्ह्यू

हॉटेलच्या रिव्ह्यूत लोकेशनचे गुण बघून भुलू नका. ते बहुधा प्रेक्षणीय स्थळ किती जवळ आहे यावर दिले जातात. शोधाच्या चौकटीत 'रात्र', 'आवाज', 'स्टेशन', 'चालत', 'टॅक्सी' असे शब्द टाका, इंग्रजीतही आणि तिथल्या भाषेतही, आणि गेल्या वर्षभरातले, मधल्या गुणांचे रिव्ह्यू वाचा. पाचपैकी तीन देणारा माणूस सहसा कारण सांगतो. तुमच्यासारख्या प्रवाशांचे वेगळे काढता येत असतील तर तसे काढा. "परिसर चैतन्याने भरलेला" म्हणजे झोप येणार नाही, "अस्सल स्थानिक अनुभव" म्हणजे लिफ्ट नसावी, असं मी तरी समजून चालतो.

"असुरक्षित वाटलं" असं लिहिलेलं दिसलं तर पुढचं वाक्य वाचा. काय घडलं ते सांगितलं असेल, म्हणजे कुणी पाठलाग केला, गाडीची काच फोडली, दारात भांडण झालं, तर गंभीरपणे घ्या. नुसतं "तिथले लोक कसेतरीच होते" असेल तर तो शेरा लिहिणाऱ्याबद्दल जास्त सांगतो.

७. आकडे आणि सरकारी सूचना

काही देशांत पोलीस गुन्ह्यांचा नकाशा खुला ठेवतात. इंग्लंड आणि वेल्ससाठी पोलीस डॉट यूकेवर २०११ पासून रस्त्यांच्या पातळीवरची माहिती महिन्यागणिक मिळते. अमेरिकेतल्या अनेक शहरांचेही असे नकाशे आहेत. ते वाचताना दोन पथ्यं पाळा. ठिपके मुद्दाम थोडे सरकवलेले असतात, तेव्हा ठिपका हॉटेलवर पडला म्हणजे हॉटेलातच काही झालं असं नाही. आणि एकूण संख्येवर जाऊ नका. बाजारपेठेत ठिपक्यांचं मोहोळ दिसतं, पण त्यातले किती दुकानातल्या चोरीचे आहेत ते बघा. दिवसाला लाखभर माणसं येणाऱ्या चौकात आणि पाचशे माणसांच्या गल्लीत सारखेच गुन्हे असतील तर घाबरायचं गल्लीला. तुमच्या कामाचे प्रकार दोनच: रस्त्यावरची लूट आणि मारहाण.

परराष्ट्र खात्यांच्या प्रवास-सूचना बहुधा देश किंवा प्रांताच्या पातळीवर थांबतात, पण कधीकधी थेट वस्तीपर्यंत उतरतात. अमेरिकेच्या सूचनेत ब्राझीलमधल्या फाव्हेलांत जाऊ नये असं म्हटलंय आणि राजधानी ब्राझिलियाभोवतीच्या काही उपनगरांत रात्री जाऊ नये, हे नावं घेऊन सांगितलंय. सरकारी सूचना जरा अतिसावधपणे लिहिलेल्या असतात हे खरं, तरी त्यात नाव घेऊन सांगितलेला भाग हॉटेलसाठी सरळ वगळावा. तिथे वाद घालण्याएवढी बचत होत नाही.

८. शेवटची गाडी किती वाजता?

आडबाजूचा प्रश्न इथे येतो. लांबचं हॉटेल स्वस्त दिसतं ते शेवटची मेट्रो चुकेपर्यंत. न्यूयॉर्कची सबवे रात्रभर चालते. पॅरिसची मेट्रो एरवी सव्वाच्या सुमारास आणि शुक्रवार-शनिवारी रात्री सव्वादोनच्या सुमारास थांबते. टोकियोत मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात गाड्या बंद होतात, त्या पाचच्या सुमारास सुरू. लंडनची नाइट ट्यूब २०१६ पासून आहे, पण ती शुक्रवार-शनिवारच्या रात्रीच आणि मोजक्याच मार्गांवर. तुमच्या वेळापत्रकातली परतायची वेळ या वेळांशी ताडून बघा. रोज रात्री टॅक्सी लागणार असेल तर ते भाडं खोलीच्या दरात मिळवा आणि मग मध्यवर्ती हॉटेलशी तुलना करा. फरक पुष्कळदा उरतच नाही. एका बसने सुटणारा लांबचा भाग आणि दोन गाड्या बदलून पोहोचायचा जवळचा भाग, यात मी लांबचा घेईन.

९. हॉटेललाच विचारा, पण नीट

"तुमचा भाग सुरक्षित आहे का?" याला "हो" शिवाय दुसरं उत्तर येणार नाही. त्याऐवजी असं काहीतरी लिहा: "आम्ही रात्री साडेअकराला मेट्रोने येऊ. स्टेशनच्या कुठल्या दाराने बाहेर पडावं आणि कुठल्या रस्त्याने चालावं? की टॅक्सीच घ्यावी? रिसेप्शनवर रात्रभर कुणी असतं का, की दाराचा कोड मिळेल? खोली रस्त्याकडची की मागची?" उत्तरात रस्त्यांची नावं आली, "अमुक दाराने या, तमुक गल्ली टाळा" असं कुणी मनापासून सांगितलं, तर हॉटेल बहुधा बरं निघतं. दोन दिवस उत्तरच नाही किंवा छापील आभार आले, तर मध्यरात्री किल्ली अडकल्यावर कोण येणार ते समजा.

१०. बुकिंग आणि पहिली रात्र

त्याच दर्जाच्या शेजारच्या चार हॉटेलांचे त्याच तारखांचे दर बघा. एखादं निम्म्या दरात असेल तर कारण सापडेपर्यंत थांबा. कारण निरुपद्रवीही असू शकतं, जसं समोर चालू असलेलं बांधकाम किंवा खिडकी नसलेली खोली. शहर पूर्ण नवं असेल तर थोडे जास्त पैसे देऊन रद्द करता येणारं बुकिंग घ्या. मुक्काम आठवडाभराचा असेल तर आधी दोन-तीन रात्रींचंच करा. उतरायची वेळ उजेडाची साधता आली तर उत्तम. रात्रीच पोहोचणार असाल तर पहिल्या दिवशी पायपीट न करता थेट दारापर्यंत गाडी करा आणि रस्त्याची पारख सकाळी करा.

एवढं करूनही पोहोचल्यावर जागा पटली नाही, तर आधी त्रास खोलीचा आहे की रस्त्याचा, ते वेगळं करा. आवाज, तळमजल्याची खिडकी, न लागणारी कडी, हे खोली बदलून सुटतं. तेव्हा सामान उघडण्याआधीच रिसेप्शनला जा, कारण एकदा आंघोळ झाली की खोली बदलून मिळणं अवघड होतं. प्रश्न रस्त्याचा असेल तर ती रात्र तिथे काढा, बाहेर पडायचं झालं तर टॅक्सीने जा, आणि ज्या साइटवरून बुकिंग केलंय तिथे त्याच रात्री लेखी कळवा, दिव्याविना रस्ता, तुटलेलं दार वगैरे फोटोंसह. दुसऱ्या दिवशी केलेली तक्रार 'राहून झाल्यावरची' धरली जाऊ शकते. दोनच रात्रींचा मुक्काम असेल तर हलण्यापेक्षा टॅक्सीचा खर्च परवडतो. पाच-सहा रात्री उरल्या असतील तर पुढच्या रात्रीचं रद्द करायची मुदत किती वाजता संपते ते झोपण्याआधी बघून ठेवा आणि सकाळी त्याआधी दुसरी जागा पक्की करा.